चिंचेने धुतलेले पैसे

५ मे, सोमवार
काल ह्यांची तेरवी आटोपली. पाहुणे गेले, नणंदबाई तेवढ्या राहिल्या. सकाळी बँकेत गेले, मृत्यूचा दाखला दिला. परत आले तर न्हाणीत बादली, बादलीत चिंच-मीठ. ह्यांनी जमवलेले इंग्रजांच्या वेळचे सगळे तांब्याचे पैसे बाईंनी धुऊन टॉवेलवर वाळत घातलेले. राणीछाप, भोकाचे, सगळे. नव्यासारखे लाल.
"किती मयकट होते वं! कावून ठेवले असे?"
म्हटलं, बाई, हे धुवायचे नसतात.
"मंग का पूजायचे असतात?"
हे नाणं कडेने धरत. मला कधी फडकं मारू दिलं नाही.

७ मे
अकोल्याहून सलीमभाईंचा फोन. ह्यांचे जोडीदार. दोघं परतवाड्याच्या बाजारात भंगारवाल्यांकडे जुने पैसे शोधत फिरायचे. रविवारी येतात म्हणाले. दवाखान्यात हे शेवटी तेच बोलले होते, "पैसे वेगवेगळे करू नको. सगळे सलीमले देजो."
धुतल्याचं सांगायला तोंड उघडलं नाही.

८ मे
बाईंचं नवीनच. मासिक श्राद्धाला नातेवाइकांना एकेक पैसा वाटायचा, कलशात टाकायला. भावाची आठवण. चांदूर बाजारच्या नातेवाइकांना फोन करून सांगूनही टाकलं. मला विचारलं नाही. मी नाही म्हटलं नाही. नेहमीचंच.

११ मे, रविवार
सलीमभाई आले. पैशांचा डबा उघडला. एक पैसा कडेने धरून नाकाशी नेला.
"भाभी, इमली?"
हो म्हटलं.
स्वयंपाकघरातून बाई, "चकाचक झाले ना, भाऊ?"
"हां आपा. लय चकाचक." हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. शंभर-शंभर वर्षांचा रंग होता म्हणाले, तो आता येत नाही.
डबा पुढे केला तर, "आज नाई नेत भाभी. मले पाहवत नाई." मग कधी? "सांगतो."
ज्यांना द्यायचे ते घेत नाहीत. बाकीचे हात पसरून.
ते गेल्याबरोबर बाई, "तो नेत नाई तं वाटून टाकू ना."
"एकही वाटायचा नाही." आवाज चढला माझा. स्वतःलाच ऐकू आला.
"भाऊ गेला अन् तुले तोंड फुटलं!"
जेवल्या नाहीत. मीही नाही.

१३ मे
बाई पहाटेच्या गाडीने गेल्या. बांधून दिलेल्या पोळ्या ओट्यावरच. चांदूर बाजारहून फोन, आमचा पैसा कधी? म्हटलं, मिळणार नाही. ठेवून दिला.
सलीमभाईंना दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा उचलला. "पाहू, भाभी." काय पाहू?
पैसे सालाप्रमाणे लावायला बसले. प्रत्येक पैशासोबत ह्यांच्या हातची चिठ्ठी असे, त्या धुण्यात गेल्या. साल दिसतं, पण हे कसे लावत ते समजत नाही. तसेच डब्यात भरले.
दुपारी कूलरची टाकी कोरडी. हेच भरत. भरली बादली उचलवत नाही, अर्धी अर्धी करून भरली.