चाकू कामाचाच आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून लिहायचं. उद्या कोणी विचारलं तर आपल्याकडे लिहिलेलं पाहिजे. वही कोणाला दाखवायची नाही.

चाकू कामाचा आहे. हे पहिलं लिहून ठेवते. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये भाजी चिरते. तिथल्या सुऱ्यांनी टोमॅटो कापला जात नाही, नुसता चेंगरतो. म्हणून आम्ही चौघी आपापला चाकू नेतो. बाकीच्या तिघी सुटताना तिथल्याच कपाटात ठेवतात. मी घरी आणते. कपाटात ठेवला तर कोणीतरी वापरणार आणि धार घालवणार. एवढंच कारण आहे.

घाबरण्याचा काही संबंध नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसच्या गेटवरच्या गार्डने पिशवी उघडायला लावली. दुधाची बाटली, डायपर, खुळखुळा, चाकू. तो म्हणाला, वहिनी, हे काय? मी म्हटलं, कंगवा. का म्हटलं माहीत नाही, तोंडातून निघून गेलं. त्याने चाकूकडे बघितलं, मग माझ्या केसांकडे बघितलं, आणि म्हणाला, बरं.

नंतर हळूच सांगितलं की पुलाच्या ह्या बाजूला, म्हणजे ऑफिसकडे, चार बोटांपेक्षा लांब पातं जवळ ठेवलं तर गुन्हा.

घरी येऊन मोजलं. साडेचार. पण ती माझी बोटं. गार्डची बोटं केळ्यासारखी आहेत, त्याच्या बोटांनी तीनच भरेल. म्हणजे पकडणाऱ्याची बोटं कशी असतील त्यावर सगळं.

मला आत टाकलं तर मुलगी कोणाकडे राहणार? हे बोटीवर कामाला, चार महिन्यांनी येणार. पाळणाघरवाली सहाला कुलूप लावते. सहा वाजून पाच मिनिटांनी तिचं तोंड कसं होतं ते मी बघितलंय.

तिने मोजा पण अजून दिला नाही. पिवळा. माझ्या आईने विणलेला. महिना झाला. विचारलं की म्हणते, माझ्याकडे नाही. मग काय मुलीने गिळला?

६ फेब्रुवारी, गुरुवार

धारवाल्याकडे गेले. अर्धं बोट कमी कर म्हटलं. त्याने घासून कमी केलं. आता लांबी बसते, पण टोक आधीपेक्षा भयंकर झालं. वर्तमानपत्र नुसतं टेकवलं तरी आरपार.

तो म्हणाला, तुम्ही राहता त्या बाजूला लांबी कोणी विचारत नाही. तिथं लपवलेला चाकू चालत नाही. दिसला पाहिजे. गार्डला विचारलं तर तो म्हणाला, छे, दिसला तर लोक घाबरतात, झाकलेलाच पाहिजे.

मी शांतपणे विचार केला. दोघेही बरोबर आहेत. पूल दोन गावांच्या मध्ये, नियम दोन. ऑफिसच्या बाजूला फडक्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी. घराच्या बाजूला उघडा, हातात. पुलाच्या मधोमध कठड्याचा हिरवा रंग संपतो आणि निळा लागतो. तिथं थांबून बदलायचा. एवढं कायद्याने वागणारी बाई दोन्ही गावांत सापडायची नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

खात्री करून घ्यावी म्हणून भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला फोन केला. त्यांना सगळं माहीत असतं. म्हणाले, घडीचा चालतो, सरळ चालत नाही. मी म्हटलं, माझा सरळ आहे. मग म्हणाले, थांब, उलटं असेल. मग म्हणाले, मुठीचा रंग कोणता?

ताईने फोन ओढून घेतला. म्हणाली, अगं बाई, तू तो घरी आणतेसच कशाला? ठेव ना तिथंच.

आवाज नीट येत नव्हता. फोन ठेवला.

नंतर पिशवी भरताना दिसलं की बाटली आणि चाकू एकमेकांना चिकटून आहेत. फार वाईट वाटलं. कसली आई मी. मध्ये एक डायपर घातला. मग बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

नियमाने वागण्याचा पहिला दिवस. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी. हिरवा संपला तिथं थांबले, फडकं सोडलं, चाकू हातात घेतला.

मागे टोपीवाला होता. हा तोच माणूस. गेल्या महिन्यात पुलाच्या जिन्यावर 'अहो बाई, अहो बाई' करत माझ्या मागे लागला होता. संध्याकाळची वेळ, जिन्यावर दुसरं कोणी नाही. मी मुलीला छातीशी धरून घरापर्यंत पळाले. कडी लावून तासभर दाराला पाठ लावून बसले. त्यानंतर रोज मागे असतो. काही बोलत नाही, खिशात हात घालून चालतो. खिशात काय असेल देव जाणे.

आज चाकू बघून जागच्या जागी थांबला आणि परत फिरला.

योगायोग. चाकू कामाचा आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस झाले, टोपीवाला लांबच राहतो. मी ताठ चालते. मागे बघत नाही. आज फक्त सहा वेळा बघितलं.

मुलगी त्याच्याकडे बघून हसली आणि टाटा केला. मी तिचा हात खाली ओढला. ती रडली. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तशी ती बोलतच नाही अजून, पण आजचं वेगळं होतं.

पाळणाघरवालीला मोज्यावरून जरा जास्तच बोलले. ती म्हणाली, आण तुझी पिशवी, मीच शोधते त्यात. मी पिशवी अशी ओढली की पट्टा तुटला. म्हणाली, अगं, बॉम्ब आहे का आत?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. पिशवी खुंटीला, आणि मी तिच्याकडे बघत. ठरलं. उद्यापासून चाकू कपाटात. एकदम पक्कं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठेवला. स्वतःच्या हाताने ठेवला, कपाट लावलं, मुलीला घेतलं, पुलाच्या पायथ्यापर्यंत गेले.

परत आले. कँटीनची मोठी बाई कुलूपच लावत होती. म्हणाली, काय विसरलीस? मी म्हटलं, मुलीची बाटली. बाटली मुलीच्या तोंडात होती. मोठी बाई नुसतं दार उघडून बाजूला झाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढा एकच आठवडा. सोमवारपासून कपाटात.

१५ फेब्रुवारी, शनिवार, रात्री जेवण झाल्यावर

मुलगी मांडीवर झोपलीय, वही तिरकी. अक्षर बघा.

हिरवा संपला, चाकू काढला, आणि समोर दोन हवालदार. एक ह्या बाजूचा, एक त्या बाजूचा. एकाने विचारलं, नेमका कुठे काढला? मी खरं ते सांगितलं, मधोमध. मग दोघांचं सुरू झालं. हा म्हणे तुमची हद्द, तो म्हणे तुमची. मुलगी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी ज्याची चौकी जवळ, त्याने नेलं.

चौकीत बाकावर टोपीवाला. तक्रार त्याचीच.

टेबलामागे फौजदार मॅडम होत्या. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पातं चार बोटं, पाहिजे तर तुमच्या बोटांनी मोजा. ऑफिसकडे झाकलेला, घराकडे उघडा. घडीचा नाही. मूठ काळी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे तुला कोणी सांगितलं? गार्ड, धारवाला आणि भाऊजी, म्हटलं. म्हणाल्या, असं काही नाही. दोन्हीकडे एकच विचारतात, चाकू जवळ कशासाठी ठेवला. कामासाठी असेल तर न्या, गुंडाळून न्या. कोणाला दाखवायला असेल तर गुन्हा. आता नीट विचार करून सांग. कशासाठी?

उत्तर पाठ होतं. ह्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे.

तेवढ्यात टोपीवाल्याने खिशातून हात काढला आणि टेबलावर पिवळा मोजा ठेवला. धुतलेला. घडी घातलेला. म्हणाला, मॅडम, जिन्यावर पडला होता. हाक मारली तर ह्या पळाल्या. महिनाभर खिशात घेऊन फिरतोय. जवळ जावं तर चाकू काढतात. मला तक्रार करायची नव्हती हो, पण मोजा द्यायचा कसा?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी परत विचारलं, कशासाठी ठेवला?

मी टोपीवाल्याकडे बोट केलं. म्हटलं, ह्यांच्यासाठी.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तू काम काय करतेस? भाजी चिरते. कशाने? ह्याच चाकूने. म्हणाल्या, मग मी तेवढंच ऐकलं.

टोपीवाला खाली बघत म्हणाला, हो मॅडम, तसंच लिहा.

मुलीने त्याची टोपी ओढली. त्याने ओढू दिली. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मी मोजा पिशवीत टाकला आणि निघाले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चाकू कपाटात. परवा चौकीतून निघताना हवालदाराने हातात दिला तसाच, कागदात. कोणी हात लावला नाही. कोणाला नकोच होता तो.

पाळणाघरवालीला मोज्याचं सांगितलं नाही. तिने मुलीच्या दोन्ही पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, सापडला वाटतं. मी म्हटलं, दुसरा विणला.

पुलावर टोपीवाला मागे होता, आधीपेक्षाही लांब. आज थांबून बोलायचं ठरवलं होतं. वाक्य पण तयार केलं होतं. हिरवा संपला आणि हात आपोआप पिशवीत गेला. हाताला मुलीला चघळायला घेतलेलं गाजर लागलं. घट्ट धरलं.

वळून बघितलं तर तो उभा, नजर माझ्या पिशवीवर. मी गाजर बाहेर काढून त्याला दाखवलं. नीट दिसावं म्हणून वर धरलं.

तो परत फिरला.