सत्तावीस नंबरचा मोजा

प्रिय वेन्डेल,

थँक्सगिव्हिंगला आलास, टर्कीची अख्खी तंगडी आणि भोपळ्याच्या पायचे चार तुकडे फस्त केलेस, मळक्या कपड्यांचं गाठोडं माझ्यापुढे टाकलंस आणि रविवारी धुतलेले कपडे घेऊन कॉलेजला परत गेलास. त्यात एक मोजा कमी आहे. उजव्या पायाचा. खोलीभर शोधत बसू नकोस, तो मी मुद्दाम काढून घेतला. कुठे आहे ते सांगते, पण आधी थोडं मागे जावं लागेल, आणि तू मधली पानं गाळायची नाहीत.

शाळेच्या धुलाईखोलीत माझी सोळा वर्षं गेली. फुटबॉल संघातल्या चाळीस-पंचेचाळीस पोरांचे मोजे, प्रत्येक जोडीला नंबराची मोठी सेफ्टी पिन. तुम्हाला वाटतं, ही बाई नुसता घाम धुते. अरे, मोजे बोलतात! समोरच्याला अडवत उभ्या राहणाऱ्या धिप्पाड पोरांचे मोजे तळव्याला विरतात. आणि चेंडू छातीशी कवटाळून, माणसं चुकवत पळणाऱ्या तुझ्यासारख्या रनिंग बॅकचा मोजा हमखास अंगठ्याला फाटतो. तुझ्या सत्तावीस नंबरच्या उजव्या मोज्याचं भोक मी तीन वर्षं दर आठवड्याला रफू केलं, आणि दर वेळी तुला शिव्या दिल्या.

मग गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आला. शहरातल्या त्या प्लॅस्टिकच्या हिरवळीवर तुझा बूट रुतला, वरून तिघं अंगावर पडले. उठलास, हसलास, म्हणालास, “काही नाही गं आई, बूट चावतोय.” पुढच्या सोमवारी मोजा हातात घेतला तर अंगठा अगदी नवाकोरा! करंगळीकडची कड मात्र विरलेली. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. तू पायाच्या कडेवर पळत होतास. तुझ्या मित्रांना विचारलं तर सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. मैदानातही तू फक्त उजवीकडे वळायचास. माझ्यामागे बसणारी ती मिसेस पॅव्हलिक ओरडून ओरडून दमली, “अरे बाबा, डावीकडे अख्खं कुरण मोकळं आहे, तिकडे काय तुझी सासू उभी आहे का?” सगळे हसले. मला काही हसू येईना, कारण डावीकडे वळायचं तर उजव्या अंगठ्यानं जमीन रेटावी लागते, हे मला ठाऊक होतं.

हे मला मिस्टर कोवॅचनी शिकवलं होतं. संघाच्या दुखापती बघता बघता म्हातारा झालेला माणूस. एकदा माझ्याकडे टॉवेल न्यायला आले तेव्हा म्हणाले, “रोझलिन, लोक पोरांच्या मांड्या बघतात. पण निघणं, थांबणं, वळणं, सगळं त्या एका अंगठ्याच्या जिवावर. तो गेला की मांड्या नुसत्या शोभेच्या.” तरुणपणी तेही रनिंग बॅकच होते. दुखरा अंगठा एक अख्खा मोसम लपवला आणि तो सांधा कायमचा धरला. जिना चढताना अजून उजवं पाऊल आडवं टाकतात, ते तू पाहिलंच आहेस. त्यांची नक्कलही करायचास.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मोठ्या विद्यापीठाचा, त्यांच्या संघासाठी पोरं निवडणारा माणूस खास तुला बघायला येणार होता. दहाव्या वर्षापासून ज्याची वाट पाहिलीस तो दिवस. आणि सामन्याआधी मिस्टर कोवॅचनी तुझा बूट काढायला लावून अंगठा दाबला. तू किंचाळलास. कोचनी तुला बाकावर बसवलं, आणि तो पाहुणा अर्ध्यातच उठून गेला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अंगठ्याखालचा स्नायुबंध अर्धा फाटला आहे, आणखी एक सामना खेळला असता तर पुरता तुटला असता. तू ऐकूनही घेतलं नाहीस. “त्या लंगड्या म्हाताऱ्यानं माझा घात केला,” असं म्हणून ताट सरकवलंस. मी तुझ्या ताटात आणखी एक कोबीचा रोल वाढला.

तू छोट्या कॉलेजात गेलास. फोनवर “अंगठा बरा आहे” म्हणायचास, पण बूट चावतो म्हणणाराही तूच ना? माझा विश्वास बसत नव्हता. आणि परवाच्या सुट्टीत तुझं गाठोडं सोडलं, उजवा मोजा उलटा केला, तर अंगठ्याला भोक! चांगलं मोठं, जुन्याच जागी. जीव भांड्यात पडला रे, वेन्डेल. मशीन सुरू करायचंही सुचलं नाही, तिथेच टेकले आणि हसत सुटले.

आता मुद्द्याचं. मिस्टर कोवॅचना तुझ्या अंगठ्याचा पत्ताही नव्हता. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही सोमवारचे ते उजवे मोजे घेऊन मी त्यांच्याकडे गेले होते. तुझा घात म्हणशील तर तो मी केला. ते म्हणाले, “पोरगं कुणावर तरी चिडणारच, माझ्यावर चिडू दे. त्याला रोज तुझ्या हातचं जेवायचंय.” आणि मी भित्री, मी ते चालवून घेतलं. वर्ष झालं. शनिवारी पेट्रोल पंपावर त्यांनी तुला हात केला आणि तू तोंड फिरवलंस. ते मला एवढंच म्हणाले, “पळतोय ना?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी तो मोजा त्यांना नेऊन दिला. त्यांनी भोकातून बोट बाहेर काढून हलवलं, पोट धरून हसले, मग त्याच मोज्यानं डोळे पुसले. परत मागितला तर देईनात, आपल्या खोलीतल्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. तेव्हा रागवायचंय तर माझ्यावर रागव, मी सोसेन. पण ख्रिसमसला आलास की तुझा मोजा तूच मागून आण. मी आणणार नाही.

तुझीच, चहाडखोर
आई