फ्रेंच गोष्टीतले भावोजी

तीर्थस्वरूप भावोजींना, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या मेव्हण्याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कुरकुरत नसेल आणि ताईला झोप लागत असेल, असं धरून चालतो. आमचं विचाराल तर दमलोय. या वयात संध्याकाळच्या वर्गात नाव घालू नकोस, असं ताई म्हणाली होती, तेव्हा माझा थकवा तिला कळवू नका.

अभ्यास असा, की आफ्रिकेतलं फ्रेंच साहित्य वाचायचं, तिथले चित्रपट पाहायचे आणि जोडीला स्वतः गोष्टी लिहायच्या, त्याही फ्रेंचमध्येच. फ्रेंच मी कुणाकडे शिकलो नाही. (यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका आणि एक जाडजूड शब्दकोश, बस्स.) त्यामुळे माझ्या पहिल्या गोष्टीत नायक नायिकेला प्रेमाने सांगतो, की वापरण्यापूर्वी झाकण काढावे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमची माणसं बोलत नाहीत हो, सूचना देतात." वर्ग हसला. मी हसलो नाही, वाक्य अचूक होतं.

मग चित्रपट लावला. त्यात एक विधवा मशीन चालवता चालवता रडते. सगळा वर्ग नाक ओढत होता आणि मी हात वर केला, कारण सुईत दोराच नव्हता. बाईंनी चित्रपट थांबवला. "अहो, तिचा नवरा गेलाय आणि तुम्हाला दोरा दिसतो?" आता शेवटची संधी म्हणाल्या, ही विधवा तुमच्या गोष्टीत, तुमच्या घरात आणून दाखवा, नाहीतर नाव कमी करते. सांगा आता, आपलं आपण शिकलेला माणूस एकदा वर्गातून हाकलला गेला, की पुन्हा कुठल्या तोंडाने पुस्तक उघडणार?

तेव्हा गोष्ट लिहिली. आपल्या घरात मशीनवर बसणारी एकटी ताई. (दोरा ओवलेला आहे.) बाकीचे तपशील खरेच घेतले: तुमचा चष्मा, दाराआडचा शर्ट, एकावर एक पडलेल्या चपला. वर्ग ढसाढसा रडला. बाईंनी माझा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "कधी झालं हे?" इतक्या मायेने मला आजवर कुणी प्रश्न विचारला नव्हता. मी म्हणालो, गेल्या महिन्यात.

आपला,
शिणलेला मेव्हणा

ता. क. : रविवारी दुपारी बाई अख्ख्या वर्गाला घेऊन ताईला भेटायला येणार आहेत. तुम्ही तेवढा वेळ कुठेतरी जाऊन बसा. चष्मा ठेवून जा. ताईला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा, मला धीर होत नाही.

ता. क. २ : तुम्ही गेल्याचं वाक्य लिहून झाल्यावर मला जेवण गेलं नाही. फ्रेंच मात्र निर्दोष आहे.