जहाजाची सुपारी

नाना, तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही. मुंबईला दोनदा गेलात, दोन्ही वेळा लग्नाच्या स्वयंपाकाला, आणि दोन्ही वेळा चुलीपुढून उठून थेट गाडीत बसलात. त्यामुळे तुम्हाला जहाजांबद्दल पत्र लिहायचं म्हणजे जरा गंमतच आहे. पण हे दुसऱ्या कोणाला विचारावं असं मला आजवर सुचलं नाही. आणि तुम्हाला नसत्या चौकशा आवडायच्या. बंडीचा धुरा मोडला तरी तुम्ही खाली वाकून बघायचात, तो कुठून मोडला आणि तिथूनच का. तेव्हा ऐका.

तुम्ही गेल्यानंतर मी धुळ्यात बी. ए. केलं आणि पुण्यात फोनवर बोलायच्या नोकरीला लागले. हसू नका. आई अजून सगळ्यांना सांगते, माझी पोरगी जहाजाच्या ऑफिसात आहे. मी ते जहाज कधी पाहिलं नाही. विलायतेतले म्हातारे लोक त्यावरून फिरायला जायचे, आणि कोणती खोली, कोणती तारीख, जेवणात मीठ कमी हवं का, हे मी पुण्यात बसून लिहून घ्यायचे. तुम्हाला मी काय सांगू नाना, ते जहाज म्हणजे पाण्यावरचं लग्नघर. रोज तीन हजार पानं उठायची. पहिल्या आठवड्यात ते ऐकलं तेव्हा मला तुमचाच प्रश्न पडला होता, एवढ्या लोकांच्या खरकट्याचं काय करत असतील.

मग तो आजार आला. तुम्ही नव्हतात ते बरं झालं असं म्हणवत नाही, पण तुम्ही घरात बसून राहिला नसतात हे नक्की. जग बंद झालं, लग्नं बंद झाली, जहाजं बंद झाली. ऑफिसने लॅपटॉप हातात देऊन घरी पाठवलं, आणि मी आपल्या गावी, नरडाण्याच्या अलीकडे, आईजवळ आले. फोनला रेंज कुठे यायची सांगा? तुमच्या भांड्यांच्या खोलीत. फक्त तिथेच. मग मी तुमच्या दोन मोठ्या हंड्यांवर फळी टाकली, वर लॅपटॉप ठेवला, आणि दुपारपासून विलायतेच्या लोकांशी बोलू लागले. डाव्या हाताला पराती, उजव्या हाताला कढया, समोर झाऱ्यांची ओळ. झारे भिंतीवर तुम्ही लावले त्याच क्रमाने होते. धाकट्या भावाने तुमचाच धंदा पुढे चालवलाय, पण त्याने क्रम बदललेला नाही, एवढं त्याचं कौतुक करते.

पहिले काही दिवस मला वाटलं, जहाज बंद म्हणजे खर्चही बंद. दुकानाला कुलूप लावल्यासारखं. मग एका बैठकीत साहेब बोलता बोलता म्हणाले की उभं जहाज फिरत्या जहाजासारखंच खातं. माझे कान टवकारले. बोलावणं नसताना मी प्रश्न विचारले, तुमचीच पोर ना. तेव्हा कळलं की ते यंत्र पुरतं बंद करताच येत नाही. दिवे, हवा, पंप चालू ठेवावे लागतात. शंभरेक माणसं जहाजावर राहतात आणि रोज एकेका रिकाम्या खोलीत जाऊन नळ सोडतात, संडासात पाणी ओततात, गाद्या उलटतात. नाही केलं तर पाणी नळातच सडतं आणि गाद्यांना बुरा येतो. हे ऐकलं आणि मी हंड्यांपुढे बसल्या बसल्या मोठ्याने हसले. चातुर्मासात एक लग्न नसायचं, आणि तुम्ही दर आठवड्याला सगळी तांब्यापितळेची भांडी अंगणात काढून चिंचेने घासायचात. आई ओरडायची, ज्यात शिजत नाही ते कसाले घासतस? तुम्ही म्हणायचात, शिजत नाही म्हणूनच.

दुसरी गोष्ट मात्र मला नीट कळायला महिना लागला. लोक फोन करून पैसे परत मागत होते आणि कंपनी ते देत नव्हती. मी म्हटलं, लबाड आहेत झालं. पण तसं एका शब्दात नव्हतं ते. पुढच्या वर्षीच्या सफरीचे पैसे लोक आधी भरतात, आणि त्याच पैशात या वर्षीच्या जहाजाचं तेल येतं. म्हणजे तिजोरीत काहीच नव्हतं, सगळं जाळून झालेलं. त्यात त्या जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, कामगार दहा देशांचे. मदतीची वेळ आली तेव्हा कोणत्याही सरकारला ते आपलं वाटेना. मग त्यांनी जहाजंच गहाण टाकून कर्ज काढलं आणि ते कर्ज उभ्या जहाजांच्या पोटात गेलं. गिऱ्हाइकाला पैशाऐवजी चिठ्ठी द्यायची ठरली. आत्ता नाही, पण जहाज सुरू झालं की तुमची सफर पक्की, वर थोडी जास्तीची सूट. आम्हाला सांगितलेलं की चिठ्ठीचंच बोला. गिऱ्हाईक तीनदा ‘पैसे परत’ म्हणेपर्यंत पैशांचा विषय काढायचा नाही.

आणि मला हे वावगं वाटलं नाही, नाना. खरं सांगते, मला ते ओळखीचं वाटलं. तुमचं काय वेगळं होतं? लग्न ठरलं की लोक तुमच्या हातावर सव्वा रुपया, सुपारी आणि इसाराचे पैसे ठेवायचे. पैसे संध्याकाळपर्यंत कल्हईवाल्याकडे आणि लाकडाच्या वखारीत गेलेले असायचे. सुपारी मात्र तुम्ही त्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात टाकायचात. शेवटची पंगत उठली की त्याच घरच्या ओट्यावर बसून ती अडकित्त्याने फोडायची, अर्धी तुम्ही खायची, अर्धी वरबापाला किंवा वधूपित्याला द्यायची. फोडली म्हणजे काम फिटलं. डबा हलवून आम्ही सांगायचो, नानांची अजून किती लग्नं बाकी आहेत.

मी अकरा वर्षांची असताना ते पलीकडच्या गावचे गृहस्थ आले होते, आठवतं? पोरीची सोयरीक हळदीच्या आठ दिवस आधी मोडलेली. इसार परत मागायला आले होते. मी ओट्यावर होते. मला माहीत होतं की पैसे उरलेले नाहीत, कारण आदल्याच दिवशी कल्हईवाला येऊन गेला होता. म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, “नाना घर नहीत.” आणि तुम्ही आतून आवाज दिलात, “शे, मी घरमाच शे. या, बसा.” बाहेर येऊन आधी माझ्याकडे वळलात. “खोटं कसाले बोलनी व? मनं तोंड शे ना मनाजोडे.” माझं तोंड आहे ना माझ्याजवळ, असं लोकांदेखत. मला रडू फुटलं. मग त्यांच्यापुढे उभे राहून म्हणालात, “पैसा सरी गयात, भाऊ. पण मना हात शेतस ना. तुमना घर जे कार्य व्हई, तठे मी उभा राहसू.” ते गृहस्थ खिन्न हसले. “आते मना घर कसानं कार्य?” म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

ती सुपारी डब्यात तीन वर्षं पडून होती. मग एक दिवस बातमी आली की ते गृहस्थच वारले. त्यांचं सुतक फिटायच्या दिवशी, गंधमुक्तीच्या पहाटे, तुम्ही बंडीत भांडी भरलीत. कोणी बोलावलं नव्हतं. मी हट्टाने बरोबर आले. त्यांचा भाऊ दारातच म्हणाला, “तुमले कोनी बलायं?” तुम्ही खांद्यावरची मोठी कढई खाली ठेवत एवढंच म्हणालात, “त्यासनी सुपारी मनाजोडे शे.” वरण-बट्टी केलीत, घोटलेली वांग्याची भाजी केलीत, तीनशे माणूस जेवलं. त्या दिवशी सुपारी फोडली नाहीत. येताना तापीच्या पुलावर बंडी थांबवून ती पाण्यात टाकलीत. मी विचारलं, आता ती कुठे जाईल? तुम्ही म्हणालात समुद्रात. आणि लगेच म्हणालात, सुपारी तरंगते का बुडते हे आपण बघायचं राहूनच गेलं.

आता त्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं सांगते. एकोणऐंशी वर्षांचे, पूर्वी बस चालवायचे. बायकोला घेऊन जहाजावर जायचं म्हणून कित्येक वर्षं साठवलेलं. बायको आजारी, खुर्चीवरून हलत नव्हती. ते अगदी नम्रपणे म्हणाले, पैसे परत मिळाले तर बरं, आमच्या वयात पुढचं वर्ष हा मोठा शब्द आहे. मी चिठ्ठीचं बोलले. ते पुन्हा म्हणाले, पैसेच बरे. दोनदा झालं. तेवढ्यात मांजराने झाऱ्याला धक्का दिला आणि सगळी खोली खणखणली. त्यांनी दचकून विचारलं, हे काय पडलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा झारा, ते लग्नात स्वयंपाक करायचे. त्यांना इतकं कुतूहल वाटलं नाना, की फोनवर पंधरा मिनिटं ते तुमच्याबद्दलच विचारत होते. किती माणसांचं करायचे, चूल कशी, लाकूड कोणतं. मीही रंगात आले. सुपारीची गोष्ट सांगितली. डब्याची, गंधमुक्तीची, तापीची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, असं असेल तर माझीही एक ठेव त्या डब्यात. चिठ्ठी चालेल मला.

तिसऱ्यांदा त्यांनी मागितले नाहीत.

फोन ठेवला तेव्हा मला आनंद झाला होता. लबाडीचा नव्हे हो, खरा आनंद. मला वाटलं, तुमचं नाव सातासमुद्रापार गेलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं, म्हणाले, विश्वास असा मिळवायचा. मला बक्षीस दिलं. आणि मग मी तीच गोष्ट आणखी लोकांना सांगितली, मांजराने काही न पाडताही. किती जणांना, ते मी मोजलं नाही. प्रत्येकाने चिठ्ठी घेतली.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. ते जहाज पुन्हा निघालंच नाही. आधी विकलं, मग कळलं की तोडायला गुजरातच्या किनाऱ्यावर आणलंय. आपल्यापासून एका रात्रीच्या वाटेवर! त्यानंतर कंपनीच बुडाली, आम्हाला एका ईमेलमध्ये घरी बसवलं, आणि चिठ्ठीवाल्यांना कुठे तरी अर्ज करायला सांगितलं. कोणाला काय मिळालं मला माहीत नाही. धाकटा तिकडे जुनी भांडी घ्यायला निघाला तेव्हा मी पण गेले, मला बघायचंच होतं. रस्त्याच्या दोन्ही कडेला जहाजांतून काढलेल्या गाद्या, आरसे, कपबश्या, माणूस मावेल एवढी पातेली. दुकानदाराला विचारलं हे कोणत्या जहाजाचं, तर तो म्हणाला, ताई, इथे आलं की सगळं भंगारच. मी एक झारा घेतला. त्याच जहाजाचा आहे का, कोण जाणे. तुमच्या ओळीत शेवटी टांगलाय. हलका आहे, तुम्हाला आवडला नसता.

मी तुमचं तेवढंच उचललं जेवढं फोनवर सांगता येतं. तुम्ही पैसे सरले हे आधी सांगितलंत, आणि नंतर हात पुढे केलेत. माझ्याकडे त्या माणसाला द्यायला कुठे काय होतं? जहाज माझं नव्हतं. मी पुन्हा ओट्यावर बसून नाना घरी नाहीत एवढंच सांगत होते, फक्त या वेळी इंग्रजीत, आणि आतून आवाज द्यायला तुम्ही नव्हतात. याची मला लाज वाटते. त्यांचा पत्ता माझ्या वहीत आहे. त्यांना लिहायचं म्हणून मी चार वेळा बसले. ते आहेत का, त्यांची बायको आहे का, हे कळून घ्यायची इच्छा आहे आणि भीतीही आहे. आज पाचव्यांदा बसले तर हे पत्र तुम्हाला लिहून झालं.

एक राहिलं. त्या फोनच्या दिवशी मी खरंच देव्हाऱ्यातली एक सुपारी घेऊन तुमच्या डब्यात टाकली होती. गेल्या दिवाळीत साफसफाई करताना ती आईच्या हाती लागली. तेव्हापासून तिला चैन नाही. तिला वाटतं तुम्ही जाताना कोणाचं तरी काम राहून गेलं. आल्या-गेल्याला विचारते, “तुमना घरनी तर नही?” धाकट्याला बजावून ठेवलंय, घर सापडलं की फुकट पंगत घालून यायची, नानांच्या माथी राहायला नको. काल रात्री जेवताना मला पुन्हा म्हणाली, “कोननी सुपारी व्हई व ती?”

मी म्हटलं, माहीत नाही.