साडेपस्तीसला वाजणारी पट्टी

३ मार्च
कटकट संपली! साडेपस्तीस अंशांवर पट्टीचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं — वाजू की नको, वाजू की नको. एक रेझिस्टर वाढवला. आता साडेपस्तीसला वाजते आणि पावणेछत्तीस झाल्याशिवाय थांबत नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या पायाला बांधायची ही पट्टी. अंग गार पडू लागलं की वाजायचं. आत कंपॅरेटर — तांदळाच्या दाण्याएवढा! काम एकच. दोन व्होल्टेज बघायची, एक बाळाच्या तापमानाचं, एक आपण ठरवलेलं, आणि जास्त कुठलं ते सांगायचं. वीज इतकी कमी खातो की बटणाएवढ्या सेलवर दोन वर्षं निघतील.

साहेब म्हणतात, "त्यापेक्षा प्रोसेसर टाकू." टाका! मग सेल मोठा, पट्टी मोठी, आणि बाळ सव्वा किलोचं. पायात बेडी घालणार का त्याच्या? २४ला वॉर्डात चाचणी, दहा पट्ट्यांची. एक जरी चुकली तरी साहेब प्रोसेसर बसवणार. तसं बोलूनच दाखवलंय.

७ मार्च
दहा पट्ट्यांचे सर्किट-बोर्ड तयार. नखाएवढे! दोन नंबरचा खिशात घालून घरी आणला. सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. "एवढुसा? हरवशील हो!" नवरा म्हणाला, "पोरांचा पहिला दातसुद्धा इतका मिरवला नव्हतास."
मिरवणारच.

८ मार्च
पाच नंबर बहिणीला दाखवला. आठ नंबर बँकेतल्या बाईंना. त्यांनी विचारलं नव्हतं.

१४ मार्च
घात झाला. बोर्ड रबरी आवरणात बसवून पट्ट्या पाण्यात तपासल्या. सात अचूक. तीन मात्र चौतीसपर्यंत ढिम्म! दीड अंश उशीर. सव्वा किलोच्या जिवाला दीड अंश म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको.

स्टोअरवाल्या दादांना सगळ्यांसमोर नको ते बोलले. "स्वस्तातला माल उचललात!" साहेबांनी प्रोसेसरवाल्यांना फोन लावला, माझ्यादेखत.

१६ मार्च
सापडलं. मीच!
बिघडलेल्या पट्ट्या दोन, पाच, आठ. हे आकडे कुठे पाहिले म्हणून डोकं खाजवत होते — याच वहीत! मागचं पान उलटलं आणि कानशिलं तापली. दहा मेगाओहमचे रेझिस्टर, त्यांतून वीज जाते ती मुंगीच्या पावलानं. वर बोटांच्या घामाचं मीठ बसलं की तिला चोरवाट मिळते, आणि ठरवलेलं व्होल्टेज सरकतं. उघड्या हातांनी बोर्ड धरू नका, असं वीस वर्षं नव्या पोरींना बजावतेय. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

१७ मार्च
दादांची माफी मागितली. बोलले चारचौघांत, तर माफीही चारचौघांतच. ते म्हणाले, "माल चांगलाच होता, ताई. मिरवणूक जरा लांबली." सगळे खो खो हसले, मीही.
तिन्ही आवरणं कापली. हातमोजे घालून बोर्ड स्पिरिटनं धुतले, वर लॅकरचा पातळ थर दिला. बाकीचे सातही उघडून त्यांनाही दिला, उगाच परीक्षा नको. नवी आवरणं चढवून संध्याकाळी पुन्हा पाण्यात — दहाच्या दहा अचूक!

२४ मार्च
पट्ट्या वॉर्डात. माझ्या अंगठ्याएवढी ती पावलं! पट्टी कुठे काचत नाही, ओढत नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बांधलीय हे विसरायला होतं." वीस वर्षांत असं कौतुक कुणी केलं नव्हतं. घरी येऊन तीनदा सांगितलं. चौथ्यांदा नवऱ्यानेच वाक्य पुरं केलं.

२ एप्रिल
नऊ दिवस झाले, एकही वाजली नाही. साहेब म्हणतात, "वाजल्याशिवाय खरं कसं मानायचं?" बरोबर आहे. मलाही वाटतं, एकदा तरी वाजावी.
हे काय लिहिलं मी! काय मागतेय?

५ एप्रिल
वाजली. दुपारी, बरोबर साडेपस्तीसला. सिस्टर धावल्या, बाळाला ऊब दिली. सुखरूप आहे. साहेब म्हणाले, "तुमचीच पट्टी करायची." मी तशीच वॉर्डात गेले, मिरवायलाच. सिस्टरनी ओळख करून दिली, "या पट्टीवाल्या ताई." बाळाची आई काचेला टेकून उभी होती, पांढरीफटक. तिने माझा हात धरला.
"ताई, ती पुन्हा वाजणार नाही ना?"
"नाही गं," म्हणाले. माझ्या सर्किटबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.