दर रविवारी एक दशक

२ जून, रविवार

आजपासून नवं पर्व. कन्येची बारावी संपली आणि माझ्याशी तिचं बोलणं 'हं', 'माहितीय' आणि 'दार लावून घे' एवढ्यावर आलं आहे. ही म्हणते, वय आहे, जाईल. मी म्हणतो, प्रत्येक दुखण्याला मूळ असतं. उगाच नाही दातांचा डॉक्टर झालो. मूळ शोधायचं, साफ करायचं, भरून टाकायचं.

उपाय : टीनएजर मुलांवरचे सिनेमे. पन्नासच्या दशकापासून आजपर्यंत, प्रत्येक दशकातला सर्वोत्तम. दर रविवारी संध्याकाळी, हॉलमध्ये, सहकुटुंब. प्रोजेक्टर घेतला आहे. शेवटच्या सिनेमापर्यंत कन्या माझ्याशी घडाघडा बोलू लागेल. मग तिला दवाखान्यातली दुसरी खुर्ची दाखवायची. डेंटल कॉलेजची एंट्रन्स ती देतेच आहे. खुर्ची ऑर्डर केली. फिकट जांभळी. तिचा आवडता रंग. बहुधा.

तोच दिवस, सिनेमानंतर

पन्नासचं दशक : तेल चोपडलेले केस, मोटारी, चिडचिड. कन्या शेवटपर्यंत बसली. कानात इअरफोन होते, पण तोंड भिंतीकडे होतं. सासूबाई म्हणाल्या, त्या पोराला वेळेवर जेवायला घातलं असतं तर एवढं रामायण झालंच नसतं. उत्तम सुरुवात.

५ जून

पेशंटना उपक्रमाची माहिती देतो आहे. आजच्या रूट कॅनालवाल्या गृहस्थांनी अजिबात विरोध केला नाही. तोंडात नळी होती हे खरं, पण डोळे बोलतात. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, सर, सिनेमे कशाला, मुलीलाच विचारा ना तिला काय हवंय. बाईंना दोन मुलं आहेत, पण अभ्यास शून्य.

९ जून, रविवार

साठचं दशक. समुद्रकिनारा. सगळे नाचतात, पुस्तक कुणाच्याच हातात नाही. सिनेमा दोनदा थांबवून त्या काळचा समाज समजावून सांगितला. तिसऱ्यांदा थांबवला तेव्हा कन्या पाणी प्यायला उठली. परत आली नाही. फार तहान लागली असावी.

१२ जून

कन्या एंट्रन्सच्या क्लासहून आली. केस ओलेचिंब, डोळे लाल. काय ही मेहनत! माझ्यावर गेली आहे. अंगाला दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा वास. विचारलं तर म्हणाली, शॅम्पू. मनात म्हटलं, आतापासूनच पेशाची ओढ.

१६ जून, रविवार

सत्तरचं दशक. कन्येला जादा लेक्चर होतं. रविवारी संध्याकाळी! ही माझ्याकडे न बघता म्हणाली, असतं कधीकधी. ही कपाट आवरायला गेली. प्रेक्षक : मी आणि सासूबाई.

शेवटी नायिका घर सोडून जाते. सासूबाई म्हणाल्या, बरं केलं पोरीने. मी म्हणालो, बापाने थोडं ऐकून घेतलं असतं तर ही वेळच आली नसती. सासूबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मुद्दा पटलेला दिसला.

२३ जून, रविवार

ऐंशीचं दशक. चष्मा काढला की मुलगी सुंदर, हे कळायला दोन तास. शिवाय एक बाप. मुलाला वकील करायला निघालेला. मुलाला बँडमध्ये वाजवायचंय, हे साऱ्या जगाला ठाऊक, फक्त यालाच पत्ता नाही. मी मोठ्याने म्हणालो, असले आडमुठे बाप खऱ्या आयुष्यात नसतात. हिला ठसका लागला.

आणि मग चमत्कार. कन्येने इअरफोन काढले. म्हणाली, बाबा, तू असतास तर काय केलं असतंस? पूर्ण वाक्य! मी म्हणालो, मिठी मारली असती आणि म्हणालो असतो, जा बेटा. ती पुढे काहीतरी सांगायला लागली, पण नेमका शेवटचा नाच सुरू झाला. सबंध सिनेमाचं सार त्या नाचात असतं. तिला म्हटलं, नंतर बोलू. नंतर ती खोलीत निघून गेली.

उपाय लागू पडतो आहे.

२६ जून

खुर्ची आली. देखणी आहे. रिसेप्शनच्या बाई म्हणाल्या, परत करता येते का, विचारून ठेवा. या बाईंचा स्वभावच मुळी नकारात्मक.

३० जून, रविवार

नव्वदचं दशक. डोळे मिटून पार्श्वसंगीताचा अभ्यास केला. ही म्हणते घोरत होतास.

७ जुलै, रविवार

दोन हजारचं दशक. पाहून झालं नाही.

कॉलेजच्या कँटीनचा सीन चालू असताना कन्या उठली आणि प्रोजेक्टरसमोर उभी राहिली. अर्धं कँटीन तिच्या तोंडावर. म्हणाली, मी एंट्रन्सच्या क्लासला कधी गेलेच नाही, पोहायला जात होते. मला जहाजावर जायचंय. नॉटिकल कॉलेजात निवड झालीय, पोहण्याची चाचणी पास झालेय, पुढच्या महिन्यात निघायचंय. हिला माहीत. सासूबाईंना माहीत. रिसेप्शनच्या बाईंना तर सगळ्यात आधी माहीत, त्यांचा भाऊ जहाजावर असतो, त्यानेच सगळं समजावून दिलं.

मी ओरडलो नाही. माझा आवाजच मोठा आहे. एवढंच म्हणालो, की या घरात कुणी बादलीपेक्षा जास्त पाणी कधी हाताळलेलं नाही. आणि माझ्या घरात राहायचं तर माझं ऐकावं लागेल. सासूबाई म्हणाल्या, हे सत्तरच्या बापाने म्हटलं होतं. ऐंशीच्यानेही.

कन्या रडली नाही. म्हणाली, मिठी मारली असती म्हणाला होतास. खोलीचं दार तिनेच लावून घेतलं.

प्रोजेक्टर चालूच होता. कँटीनमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी डोक्यावर ट्रे उपडा केला. कुणीच हसलं नाही.

१० जुलै

दुपारी पेशंट नव्हता. नव्या खुर्चीत आडवा झालो. इतकी वर्षं पेशंट वर बघत काय विचार करत असतील, कधी डोक्यात आलं नव्हतं. छताला ओलीचा डाग आहे.

सिनेमातल्या बापांबद्दल मी जरा घाईच केली. त्यांची बाजू कुणी मांडतच नाही. बापाच्या बाजूने एक सिनेमा व्हायला हवा. लिहायला घ्यावा का? शांत, समंजस, रुबाबदार दंतवैद्य.

रिसेप्शनच्या बाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, माझा भाऊ महिनोन् महिने जातो, पण येतो तेव्हा सगळ्यांसाठी काहीतरी आणतो. मी विचारलं, फोन करतो का? म्हणाल्या, रेंज असली तर. डोळ्यात काहीतरी गेलं. एसी साफ करून घेतला पाहिजे.

१४ जुलै, रविवार

निर्धार. सगळ्या दशकांतले बाप शेवटच्या वीस मिनिटांत मुलीच्या खोलीत जातात, पलंगाच्या कडेला टेकतात, मोजकं बोलतात आणि सगळं मार्गी लागतं. भाषण पाठ केलं. आरशासमोर दोनदा. दुसऱ्यांदा आवाज फारच छान कातर झाला.

संध्याकाळी दारावर टकटक केली. खोलीत कुणीच नाही. सगळ्याजणी हॉलमध्ये. कन्येने स्वतः निवडलेला अगदी अलीकडचा सिनेमा लावलेला. मला कुणी बोलावलं नव्हतं. सासूबाईंनी पाय आवरून घेतले आणि सोफ्यावर जागा झाली.

मी घसा खाकरला. कन्या भिंतीवरची नजर न काढता म्हणाली, बाबा, मध्ये बोलायचं नाही.

नाही बोललो. सिनेमात बाप नव्हताच, एकदा फोनवर त्याचा आवाज आला, तेवढाच. पोरं एकमेकांना मेसेज पाठवत होती. अक्षर बारीक. सासूबाई वाचून दाखवत होत्या.

मग एका गाण्याच्या आडोशाने मी हळूच म्हणालो, जा. पाठ केलेल्यातलं एवढंच आठवलं. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

पण थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्याला डोकं टेकलं. मी हललो नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला. मग तिचा हात हळूहळू माझ्या पाठीमागे गेला.

फोनचा चार्जर होता तिथे. मी त्यावर बसलो होतो.