बाई, तुम्ही नाक्यावर का उतरलात?

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. धुळ्याला, देवपुरातल्या तुमच्या दवाखान्यात तुमची तसबीर लावली आहे, दर वर्षी तिला हार घालतात आणि सगळे भरभरून बोलतात. मला बोलावणं येतं. मी जळगावाहून जातेही, मागच्या बाकावर बसते आणि चहा न घेता परत येते. मला बोलायचं नसतं, विचारायचं असतं. त्या दिवशी नाक्यावर तुम्ही गाडीतून का उतरलात?

माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरींना खरं वाटत नाही, की धुळ्यातली एक विधवा डॉक्टरीणबाई कमरेला रिव्हॉल्वर बांधून बाळंतपणं करत हिंडायची. त्यांना वाटतं मी रंगवून सांगते. पण त्याची सुरुवात माझ्या डोळ्यांदेखत झाली. एका खेड्यातलं बाळंतपण उरकून आपण दोघी, तुम्ही आणि तुमची नर्स मी, टांग्यानं परत येत होतो. ऊन कलायला आलेलं. नाल्याच्या उतारावर तिघं-चौघं आडवे आले, टांगेवाला उडी टाकून कपाशीत पळाला. त्यांना तुमची बॅग हवी होती. आत चिमटे आणि औषधं आहेत, हे त्यांना काय ठाऊक? तुम्ही ती सोडली नाहीत. एकानं तुमच्या उजव्या मनगटावर काठी घातली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तुम्ही ओरडला नाहीत. मीच ओरडत होते. पुढे प्लास्टर निघालं, त्या दिवशी तुम्ही वाकडा हात पदराखाली घेऊन थेट कलेक्टर कचेरीत गेलात आणि परवान्याचा अर्ज दिलात.

तिथला साहेब हसला होता. म्हणाला, "बाई, परवाना देऊ, पण तुमच्याबरोबर चालवणारं कोण? भाऊ, दीर, कुणीतरी असेल ना?" तुम्ही म्हणालात, "बाळंतिणीच्या पोटात हात घालायला मी भावाला पाठवत नाही. हेही मीच करीन." साहेबाचं हसू गेलं. मग चौकशीला फौजदार घरी आला, कुलपाचं कपाट आहे का पाहिलं, शेजाऱ्यांना तुमची वागणूक विचारली. शेजारच्या आबांनी सांगितलं, "वागणूक चांगली शे, पण तोंड तिखट शे." फौजदारानं तेवढं ऐकून कागद बंद केला. महिने गेले, पण परवाना आला.

हत्यार निवडायला तुम्ही मला मुंबईला घेऊन गेलात. तुमच्या मनगटात ताकद उरली नव्हती आणि ते दुकानात कुणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून वस्तू हातात घ्यायला आणि परत ठेवायला मी हवी होते. फोर्टातल्या त्या दुकानदारानं आधी मोत्याच्या मुठीचं एक इवलं पिस्तुल मखमलीवर ठेवलं. "लेडीजसाठी खास." तुम्ही ते उचललंही नाहीत. मग त्यानं गोळ्या आपोआप चढणारं दुसरं काढलं. तुम्ही विचारलंत, "यात गोळी अडकली तर?" तो म्हणाला, मागे ओढून मोकळं करायचं. तुम्ही म्हणालात, "तेवढी ताकद आणि तेवढा वेळ असता तर मी इथं आले नसते." शेवटी एक साधं, काळं, आखूड नळीचं रिव्हॉल्वर निघालं. त्याचा घोडा, म्हणजे मागून गोळीवर आपटणारा खटका, बाहेर नव्हता, आतच दडवलेला होता, म्हणजे घाईत काढताना लुगड्यात अडकणार नाही. एक गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्री फिरून पुढची समोर येते. तुम्ही ते रिकामंच हातात धरलंत, दोनदा चाप ओढलात. तुमच्या कपाळावर घाम आला होता. "हे," तुम्ही म्हणालात.

जाड कॅनव्हासची पिशवी मी शिवली. पट्ट्याला जोडून ती पोलक्याखाली, डाव्या बाजूला बसायची, वरून पदर. पहिल्या आठवड्यात तुमची कातडी सोलली, मग मी आतून मऊ मांजरपाट लावला. पोलीस लाइनीत फौजदाराच्या परवानगीनं तुम्ही नेम धरायला शिकलात, दोन्ही हातांनी धरून. तुमचं एक वाक्य होतं, ते मला इतक्यांदा ऐकवलंत की माझ्या डोक्यात बसलं: लोकांना दिसता कामा नये आणि सरकारला ठाऊक नाही असं होता कामा नये. मला तेव्हा त्या वाक्याचं कौतुक वाटायचं. बाई, मला तेव्हा तुमच्या सगळ्याचंच कौतुक होतं.

सातपुड्याच्या घाटात संस्थानची हद्द लागायची. आपल्या सरकारचा परवाना तिथं चालत नव्हता. पण हद्दीपलीकडच्या गावांतून तुम्हाला बोलावणी येत, कारण त्या मुलखात बाईमाणूस डॉक्टर नव्हती. म्हणून तुम्ही संस्थानचा वेगळा परवाना काढलात. त्याची अट अशी, की जाताना आणि येताना नाक्यावर हत्यार दाखवायचं, नंबर जुळवायचा, काडतुसं मोजून दाखवायची आणि नाकेदारानं सही करायची. जुना नाकेदार भला होता. तुम्ही चौकीत जाऊन पिशवी काढत तोवर तो भिंतीकडे तोंड करून उभा राही, सही करी आणि माझ्यासाठी बोरं पाठवी. नंतर तो बदलून गेला.

माझी अक्का हद्दीपलीकडे दिलेली. तिचं तिसरं बाळंतपण, आधीची दोन्ही नीट झालेली, म्हणून कुणाला काळजी नव्हती. सकाळी मेहुणे त्यांच्या गावच्या कापसाच्या जिनवाल्याची मोटार मागून दवाखान्यात आले. त्यांच्या अंगावर शर्टही सरळ नव्हता. म्हणाले, पहाटे मूल झालं, पण वार पडत नाही आणि रक्त थांबत नाही, दाईनं हात टेकले. मी बॅग भरत होते आणि तुम्ही कपाट उघडून पट्टा बांधत होतात. मी म्हटलंसुद्धा, "बाई, आज कशाला? आपण चौघं आहोत, दिवसाचं जायचंय." तुम्ही म्हणालात, "यायला रात्र होईल." बाहेर मेहुणे हॉर्न वाजवायला सांगत होते.

नाक्याच्या अलीकडे मोटारवाल्यानं गाडी हळू केली. त्याला सगळं ठाऊक होतं. तो मागे न बघताच म्हणाला, "बाई, येस्ले काही सांगू नका. बाईमाणूसनी झडती कोण लेस?" खरंच कोण घेणार होतं? चौकीच्या ओट्यावर एक कारकून उन्हात पाय पसरून बसला होता. त्यानं मेहुण्यांना ओळखलं, हात वर केला, आडवा बांबू उचलायला शिपाई उठलाही. बाई, बांबू उचलला जात होता. आणि तुम्ही दार उघडून खाली उतरलात. "माझ्याजवळ हत्यार आहे," तुम्ही म्हणालात. "नोंद करून घ्या."

बांबू खाली आला. कारकून नवा होता, घाबरला. म्हणाला, सही नाकेदारसाहेबांची लागते, साहेब शेजारच्या गावी साखरपुड्याला गेलेत. मी म्हटलं, तुम्ही सही करा. त्याला अधिकार नव्हता. मेहुण्यांनी त्याचे पाय धरले. तो मागे सरकला आणि म्हणाला, "हत्यार इथं ठेवा आणि जा. माझी ना नाही." मी तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, सुटलो. आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "ज्याला ताब्यात घ्यायचा अधिकार नाही त्याच्या हवाली मला हे करता येत नाही. उद्या हे कुणाच्या हातात सापडलं तर जबाबदार मी." मी ओरडले, "बाई, माझी बहीण आहे ती!" तुम्ही म्हणालात, "मला माहीत आहे. तू बॅग घेऊन पुढे हो, तुला येतं तेवढं कर." मी गाडीत चढले, तर कारकून बांबूवर बसला. ज्या गाडीतून हत्यार आलं ती गाडी साहेब येईपर्यंत हलणार नाही म्हणाला. आता त्यालाही नियम आठवायला लागले होते. ते तुम्हीच त्याला शिकवले होते.

मेहुणे साहेबाला शोधायला पळत गेले. मी घाटाच्या रस्त्यानं बॅग घेऊन चालू लागले. चढावर पाय भरून आले, एकही गाडी दिसेना, गाव कोसांवर. शेवटी एका दगडावर बसले. आपल्या मोटारीचा आवाज खालून आला तेव्हा उन्हं डोंगराच्या माथ्यावर गेली होती. तुम्ही मला आत घेतलंत. साहेबानं माफी मागितली म्हणे, नंबर जुळवला, सही केली. तुम्ही माझा हात धरायला गेलात, मी तो खिडकीकडे घेतला.

दारातच अक्काची सासू उभी होती. "बाई, भलता उशीर व्हयना," ती म्हणाली. "पोर जिती शे." अक्काला खाली घेतलं होतं. तिचा चेहरा मेणासारखा पांढरा, ओठसुद्धा पांढरे. तुम्ही तिची नाडी पाहिलीत, पापणी उचलून पाहिलीत, मग पोरीला घेऊन तिची नाळ तपासलीत, तिला उबेत गुंडाळलंत, दूध कसं पाजायचं ते तिच्या आजीला दोनदा समजावून सांगितलंत. सगळं नीट, एकही गोष्ट न विसरता. मी भिंतीशी उभी राहून तुमच्या त्या वाकड्या मनगटाकडे बघत होते. माझ्या मनात आलं, ते पुन्हा मोडावं.

आणि बाई, परत येताना तुम्ही नाक्यावर पुन्हा उतरलात. अक्का तिकडे पडलेली, मी गाडीत पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली, आणि तुम्ही चौकीत जाऊन पट्टा सोडलात, काडतुसं मोजून दाखवलीत. पहिल्या वेळचं मी एखादवेळी विसरले असते. दुसऱ्या वेळचं विसरत नाही.

महिन्याभरात मी जळगावला नोकरी धरली. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत. चुलीवर भाजीचं पातेलं होतं, ते करपेपर्यंत तुम्ही चुलीत लाकडं सारत राहिलात. मग म्हणालात, "एकदा चोरून गेले आणि कळलं, तर दोन्ही परवाने जातील आणि मला घाट बंद होईल. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाची अक्का असेल." मी म्हटलं, "मला दुसऱ्या कुणाची अक्का नको होती." तुम्ही करपलेली भाजी खाली उतरवलीत. त्यानंतर आपण बोललो नाही. तुम्हाला विषमज्वर झाल्याचं मला कळलं, ते तुम्ही गेल्यानंतर.

तुम्ही त्यानंतरही वर्षानुवर्षं त्या घाटातून गेलात, हे मला ठाऊक आहे. तिकडच्या किती बायका तुमच्या हाताखालून जिवंत उठल्या, तेही लोक मला सांगतात, जणू मी दगड आहे आणि मला त्यानं पाझर फुटेल. रिव्हॉल्वरमधून कुणावर गोळी सुटली नाही. तुम्ही गेल्यावर कंपाउंडरनं ते ठाण्यात जमा केलं. आता इंग्रज जाणार म्हणतात, संस्थानंही राहायची नाहीत म्हणतात. मग तो नाका मोडून पडेल, बांबू कुणीतरी जळणाला नेईल. हे ऐकलं आणि मी मेहरूणच्या तळ्यापाशी एकटीच चालत बडबडत राहिले, इतका मला संताप आला. जे असं उडून जाणार होतं, त्याच्यापुढे तुम्ही माझ्या बहिणीला ताटकळत ठेवलंत.

परवा माझी भाची आली होती, अक्काची ती पोर. आता लग्नाची झाली आहे, हनुवटी थेट अक्काची. मी हे सगळं तिला पुन्हा ऐकवत होते, नाका, कारकून, तुम्ही. ती ऐकत होती, मग मध्येच म्हणाली, "मावशी, दाईआजी अजून जिती शे ना. तिले बठ्ठं याद शे. माय कव्हय गई, ते तूच एकदा तिले इचार ना."

बाई, मी अक्काच्या घरी पोचले तेव्हा तिचे हात गार होते. मी नर्स होते, गार हाताचा अर्थ मला कळत होता. ती संध्याकाळी गेली, की आपण नाक्यावर पोचायच्याही आधी, सकाळीच गेली होती, हे त्या घरात कुणालाही विचारता आलं असतं. तुम्हाला ते बहुधा नाडी धरतानाच कळलं होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि परवाही नाही. भाचीला म्हटलं, चहा गार होतोय, आधी पी.